म्हशीच्या नावाने लिंबूसत्त्व

विद्याधर नाबर यांच्या घरी तेरा वर्षं एक बुरशी राहत होती आणि ती घरच्या माणसांत मोजली जात होती. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी ते आत्ताच मुरडून घ्यावं. पुढे दारूबंदी खातं आहे, म्हैस आहे, आणि दर वेळी नाक मुरडत बसलं तर गोष्ट शेवटाला जायची नाही.

बुरशी काळी होती. बोटाएवढ्या काचेच्या नळीत, कापसाच्या बोळ्याखाली, देवांच्या शेजारच्या फळीवर ती उभी असायची. दर तीन महिन्यांनी नाबर बटाट्याची एक फोड नव्या नळीत घालून ती नळी ओळीने तीन दिवस मोदकपात्रात वाफवायचे, आणि चौथ्या दिवशी तारेच्या टोकाने जुन्या नळीतली चिमूटभर बुरशी तिच्यात नेऊन ठेवायचे. त्या चौथ्या दिवशी घरात केर काढायचा नाही, पदर झटकायचा नाही आणि शिंक आलीच तर गॅलरीत जाऊन शिंकायचं, असा नियम होता. पाहुण्यांनासुद्धा तो लागू होता. एकदा नाबरांचे मेव्हणे तपकीर ओढून अर्धा तास गॅलरीत उभे होते.

"माझी सवत काळी आहे, बाटलीत राहते आणि बटाटे खाते," पद्मजाबाई चाळीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला सांगायच्या. "पण वर्षाला चारच. तेवढं मी चालवून घेते."

ही सवत नाबरांना बेचाळीस साली त्यांच्या सरांनी दिली होती. कॉलेज बंद पडलं, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि सरांनी जाता जाता ती नळी नाबरांच्या खिशात ठेवली. "हिला साखरेचं पाणी द्या," सर म्हणाले होते, "आणि एक लिंबू न पिळता ही तुम्हांला लिंबूसत्त्व करून देईल. परदेशात याचे कारखाने आहेत. आपल्याकडे नाही. सांभाळा." पुढे सर गेले, नाबरांचे वडीलही गेले, एम.एस्सी. अर्धीच राहिली आणि नाबर अंधेरीच्या एका शरबताच्या कारखान्यात आंबटपणा मोजायला लागले. उरली ती नळी.

त्या कारखान्यात दर महिन्याला विलायतेहून लिंबूसत्त्वाचं एक पिंप यायचं. शरबताला ते लागतं, फसफसणाऱ्या औषधांना लागतं, कापडाच्या छपाईला लागतं, गंजलेलं लोखंड साफ करायलाही लागतं. ते इतक्या ठिकाणी लागतं की एक सबंध देश ते पिंपात भरून बोटीने आणत होता. पिंपाचं झाकण उघडलं की नाबर कुणी बघत नाही असं पाहून मनगटापर्यंत हात आत घालायचे. पांढरे, टणक, थंड खडे. ते हातातून खाली सोडले की पावसाळ्यात दूरच्या पत्र्यावर थेंब पडावेत तसा आवाज यायचा. मग नाबर हात झटकून झाकण लावायचे आणि वहीत लिहायचे, 'माल उत्तम.' घरी आले की त्या संध्याकाळी जरा कमी बोलायचे. पद्मजाबाईंना पिंप आल्याचं न सांगता कळायचं.

"करायचंय एकदा," नाबर म्हणायचे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि आठ वर्षांत हे वाक्य पद्मजाबाईंनी मंगलाष्टकांपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं.

पंचावन्न सालच्या एप्रिलअखेर पद्मजाबाई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला वेंगुर्ल्याला निघाल्या. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, तेव्हा शेवटच्या बोटीने परत यायचं ठरलं. भाऊच्या धक्क्यावर, हमालाने ट्रंक उचलल्यावर, त्या म्हणाल्या, "अहो, या महिन्यात करून टाका. घर मोकळं आहे, केर काढायला मी नाही. मी येईन तेव्हा माझ्या हातावर तुमच्या हातचं लिंबूसत्त्व ठेवा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ती नळी एखाद्या कॉलेजाला देऊन टाका. मला सवतीचा त्रास नाही हो. पण रोज जेवताना समोर एक माणूस बसतं आणि त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, राहिलंय, राहिलंय. मला ते बघवत नाही आता."

बोट हलली. नाबर बराच वेळ हात हलवत राहिले. शेजारच्या गृहस्थांनी शेवटी सांगितलं की तुम्ही हात हलवताय ती बोट गोव्याची आहे, वेंगुर्ल्याची मघाशीच गेली.

*

सवतीला साखरेचं पाणी हवं. पण साखर महाग पडते, आणि सरांची पद्धत मळीची होती. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. उकळून, पातळ करून, त्यातलं लोखंड काढून तो उथळ परातींत ओतायचा आणि वर बुरशी पेरायची. आठ-दहा दिवसांत दुधावर साय धरावी तशी पांढरी, सुरकुतलेली बुरशी वर धरते आणि खालचं पाणी आंबट होत जातं. हे सगळं नाबरांना पाठ होतं. एकच गोष्ट सरांनी सांगितली नव्हती, कारण ती बेचाळीस साली नव्हतीच. मुंबई राज्यात आता दारूबंदी होती, मळीची दारू होते, आणि म्हणून मळीला परवाना लागत होता.

परवान्याच्या खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. त्याने नाबरांचं सगळं ऐकून घेतलं, बुरशी, साय, सर, देशाचं पिंप, सगळं, आणि मग म्हणाला, "साहेब, फॉर्मवर तीन कारणं छापलेली आहेत. गुरांचं खाद्य, तंबाखू आणि ओतकाम. यांतलं एक ठेवा, बाकीची दोन खोडा."

"पण माझं कारण चौथं आहे."

"चौथ्याला जागा नाही. जागा करायची तर फॉर्म बदलायला हवा. फॉर्म नाशिकला छापतात."

नाबर कोरा फॉर्म घेऊन बोरीवलीला परतले. आठ खोल्यांच्या चाळीत कोरा फॉर्म लपत नाही. गॅलरीत दत्ताराम परब बसले होते. परब म्हणजे चाळीचे अण्णा. गिरणीत तीस वर्षं जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते, आता निवृत्त होऊन चाळीचे जॉबर झाले होते. त्यांनी फॉर्म हातात घेऊन उलटा-सुलटा वाचला.

"नाबरानू, हेच्यात म्हस लिवा."

"अण्णा, माझ्याकडे म्हैस नाही."

"कारखानो असा?"

"नाही."

"तमाखू?"

"नाही."

"मगे रवली म्हस." अण्णांनी फॉर्म परत दिला. "कागदार म्हस चारो खायत नाय, शेण टाकत नाय. आणि सरकाराक काय दुसरो धंदो नाय, तां तुमची म्हस बघूक येतला?"

नाबर खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. कारखान्यात त्यांनी आंबटपणाचा एक आकडासुद्धा कधी पुढे-मागे केला नव्हता. त्या संध्याकाळी ते त्या फॉर्मसमोर दोन तास बसले. फळीवर नळी होती. पद्मजाबाईंच्या पत्राची वाट बघून तीन दिवस झाले होते. शेवटी त्यांनी लिहिलं: 'म्हैस, नग एक.' आणि हे सगळं अगदीच कोरं वाटू नये म्हणून शेजारी कंसात, 'काळी.'

परवाना मिळाला. मळीचा एक डबा मिळाला. आता पराती हव्या होत्या, आणि त्या ॲल्युमिनियमच्याच, कारण लोखंड-तांबं सवतीला सोसत नव्हतं. चाळभर फिरून नाबरांनी नऊ पराती जमवल्या. सुलक्षणाकाकूंनी आपली परात देताना दाराची चौकट सोडली नाही. काकू एकट्याच राहायच्या आणि लोणच्याच्या बाबतीत चाळीत त्यांचा शब्द अखेरचा होता.

"कशाला हवी?"

"जरा बुरशी वाढवायचीय."

काकूंनी परात पोटाशी धरली. "माझ्या हातून गेल्या तीस वर्षांत एका लोणच्याला बुरशी लागलेली नाही, नाबर. लोकांच्या सुना माझ्याकडे बुरशी घालवायला येतात. आणि तुम्ही ती वाढवायला माझी परात मागताय?"

"चांगली बुरशी आहे, काकू."

"पद्मजा कधी येणार आहे?"

"महिनाअखेर."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये बायको माहेरी गेलेल्या सगळ्या पुरुषांची कीव होती. परात मात्र त्यांनी दिली.

तीन दिवस नाबर मळी उकळत होते. चौथ्या दिवशी, एकट्याच्या घरात, दारं-खिडक्या लावून, तोंडाला पंचा बांधून, त्यांनी नऊ परातींवर सवत पेरली. एक खाटेखाली, दोन कपाटावर, बाकीच्या फळ्या टाकून भिंतीला. वर धुतलेली फडकी. मग ते दाराशी उभे राहून बघत राहिले. जणू नऊ तान्ही मुलं निजवलीत. घरात फार शांत होतं. पद्मजाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आता तुम्ही कुठे निजणार?" प्रश्न बरोबरच होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाबर गॅलरीत निजायला लागले.

तिसऱ्या दिवशी पातळ जाळं धरलं. सहाव्या दिवशी साय आली, पांढरी, सुरकुत्यांची. नाबरांनी बोट बुडवून चाखलं. गोड होतं, पण त्या गोडाच्या मागे काहीतरी उभं होतं. आठव्या दिवशी ते पुढे आलं. आंबट. नाबर खाली बसले आणि त्यांनी वेंगुर्ल्याला पोस्टकार्ड लिहिलं: 'सर्व कुशल. आंबट झालं आहे. तुझी आठवण येते.' पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. मग वाटलं, पोस्टमनला काय करायचंय, आणि पुन्हा लिहिलं. खोडलेलं आणि लिहिलेलं, दोन्ही वेंगुर्ल्याला पोचलं.

*

त्याच दिवशी सरकार म्हैस बघायला येत असल्याचा कागद आला.

कागदात म्हटलं होतं, परवानाधारकांच्या जनावरांची तपासणी उद्या अकरा वाजता. नाबर कागद घेऊन अण्णांकडे गेले. अण्णांनी तो उलटा-सुलटा वाचला.

"सरकाराक खरोच दुसरो धंदो नाय," ते म्हणाले.

"आता काय करायचं?"

"म्हस दाखवायची. आणि काय?"

चाळीला दूध घालणारा चंद्रप्रकाश स्टेशनापलीकडे गोठा चालवायचा. त्याला अण्णांनी आपल्या हिंदीत सगळं समजावलं. चंद्रप्रकाशला एवढंच समजलं की नाबरसाहेबांना एका दिवसासाठी म्हैस हवी आहे. त्याने कारण विचारलं नाही. बोरीवलीत दूध घालताना त्याने लोकांचे याहून विचित्र हट्ट पाहिले होते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने एक दांडगी म्हैस आणून चाळीमागच्या शेवग्याला बांधली आणि स्वतः कुंपणापाशी परका माणूस होऊन बसला.

इन्स्पेक्टर मार्तंड जगदाळे साताऱ्याकडचे होते. हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. शहरातला अधिकारी येईल, म्हैस काळी आहे एवढं बघेल आणि जाईल, असं अण्णांचं गणित होतं. जगदाळ्यांनी म्हशीला एक प्रदक्षिणा घातली, शिंगं बघितली, दात बघितले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"झकास जनावर आहे. कितवं वेत?"

नाबर शास्त्राचे पदवीधर होते. पण म्हशीच्या बाळंतपणाला वेत म्हणतात हे अभ्यासक्रमात नव्हतं. "दुसरं," ते म्हणाले, आणि मग आकडा कमी पडू नये म्हणून, "किंवा आठवं."

"दूध?"

"पांढरं."

जगदाळ्यांनी वर बघितलं. "किती, असं विचारतोय."

"एक... लिटर."

"दिवसाचं?"

"आठवड्याचं."

कुंपणापाशी चंद्रप्रकाश कासावीस झाला. त्याची म्हैस दोन वेळचं मिळून दहा शेर द्यायची आणि एका पदवीधर माणसाने तिची भर उन्हात अशी बेअब्रू चालवली होती. "झूठ बोलता है," तो स्वतःशी म्हणाला, पण जरा मोठ्याने. म्हशीने मालकाचा आवाज ओळखला, दाव्याला हिसडा दिला आणि ती कुंपणाकडे निघाली. मालक दिसावं म्हणून नाबरांनी दावं झाडावरून सोडवून हातात धरलं होतं. त्यांनी ते सोडलं नाही, कारण मालकाने दावं सोडायचं नसतं असं त्यांना वाटलं. पुढची दहा पावलं नाबर म्हशीच्या मागे पायांवर गेले, त्यापुढची पाच पायांवर गेले नाहीत.

जगदाळ्यांनी त्यांना उठवलं, पाठीवरची माती झटकली, आणि शांतपणे विचारलं, "मळी कोण खातं, नाबर?"

नाबरांनी दार उघडून दाखवलं.

आता इन्स्पेक्टरच्या जागी आपण असतो तर काय समजलो असतो? बंद खोली. मळी. उकळायची भांडी. फडक्यांखाली नऊ पराती, त्यांत काहीतरी आंबलेलं. खोटी म्हैस. जगदाळ्यांनी एका परातीवर नाक नेलं, पुन्हा नेलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, कारण दारूचा वास येत नव्हता. नाबरांना वाटलं, आता सांगावं. त्यांनी सांगितलं. सर, बेचाळीस साल, पिंप, मनगटापर्यंत हात. जगदाळे ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मला समजतंय," ते शेवटी म्हणाले. "मी इंटर सायन्सला केमिस्ट्रीतच नापास झालो. पण नाबर, म्हैस लिहायला नको होती. नुसती मळी असती तर मी विचार केला असता. खोट्या म्हशीपुढं माझा इलाज चालत नाही. सरकारी केमिस्ट ठरवेल हे काय आहे ते. तोवर मुद्देमाल."

परातींतलं पाणी बाटल्यांत भरून घेतलं गेलं. पंच म्हणून अण्णा आणि चंद्रप्रकाश. पंचनाम्यात लिहिलं गेलं: 'आंबट द्रव, बाटल्या चौदा. पराती नऊ. त्यांवर साय.' आणि शेवटी फळीवरची नळी.

"तीसुद्धा?" नाबरांनी विचारलं.

"मूळ तीच आहे ना?"

नाबरांना खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशीचं त्यांचं खोटं संपलं होतं. "तीच," ते म्हणाले. जगदाळ्यांनी नियमाप्रमाणे कापसाच्या बोळ्यावर गरम लाख ओतून मोहोर उठवली. नाबरांनी तोंड फिरवलं. सवतीला हवा लागायची. कापूस होता तो त्यासाठीच.

मुद्देमाल हातगाडीवरून निघाला. मागे इन्स्पेक्टर, त्यांच्यामागे नाबर, आणि चंद्रप्रकाशचा गोठा त्याच वाटेवर असल्यामुळे नाबरांच्या मागे म्हैस. परातींतल्या मळीचा वास तिला आवडला असावा, ती सारखी पुढे यायची आणि नाबरांच्या खांद्यावर तोंड ठेवायची. बोरीवलीतल्या सगळ्या ओळखीच्या माणसांना त्या सकाळी त्याच रस्त्यावर काम निघालं होतं. वाण्याने दुकानातून नमस्कार केला. नाबरांनी सवयीने हात जोडले, आणि म्हशीने त्या वेळी इतकी मान हलवली की वाण्याने तिलाही नमस्कार केला.

*

सुलक्षणाकाकूंना लिहिता येत होतं आणि पोस्टकार्ड स्वस्त होतं. चौथ्या दिवशी वेंगुर्ल्याला बातमी पोचली: 'तुमच्या ह्यांना दारूच्या भट्टीसाठी धरलं होतं, सोडलं आहे. म्हैस त्यांची नव्हती. माझी परात सरकारजमा आहे.'

पद्मजाबाई शेवटच्या बोटीची वाट न बघता मधल्याच बोटीने आल्या. ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस नाबरांना असा आला. धक्क्यावर ते अर्धा तास आधीपासून उभे होते, या वेळी बोटीचं नाव दोनदा विचारून. पद्मजाबाई उतरल्या, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि दोघं लोकलमध्ये बसले. अंधेरीला म्हणाल्या, "मी चार वर्षांपूर्वी एक मांजर पाळू म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, जागा नाही."

"हो."

"आणि आता म्हैस."

"कागदावरच होती गं."

पद्मजाबाई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. मालाडपर्यंत नाबरांना वाटत होतं त्या रडताहेत.

घरी आल्यावर मात्र त्यांनी आधी फळीकडे बघितलं. तिथे नळीच्या बुडाचा गोल डाग होता. तो डाग त्यांनी पुसला नाही.

जूनमध्ये दारूबंदी खात्यातून बोलावणं आलं. तिथला क्रम असा होता: मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम आधी निघाला होता, माल दारू आहे का याचा अहवाल नंतर यायचा होता. हुकूम निघाला म्हणजे निघाला. जगदाळ्यांनी तेरा बाटल्या पंचांसमक्ष कचेरीच्या अंगणात ओतायला घेतल्या. अंगणाला शहाबादी फरशी होती. पहिली बाटली पडली आणि फरशी फसफसली. पांढरा फेस आला. अण्णा एक पाऊल मागे सरले.

"ह्या काय?"

"चुनखडीचा दगड आहे ना," नाबर म्हणाले. त्यांचा आवाज आपल्या मुलाचा शाळेतला पहिला नंबर सांगावा तसा होता. "आम्ल खातंय त्याला. बघा, अण्णा, किती जोरात खातंय."

अण्णांनी बघितलं. चंद्रप्रकाशने बघितलं. जगदाळे बाटल्या हळूहळू ओतत होते, गरजेपेक्षा बरंच हळू. तेरावी संपली. फेस बसला. अंगणाचा तेवढा तुकडा धुतल्यासारखा लखलखीत झाला होता, आणि नाबर त्याच्याकडे पिंपाकडे बघायचे तसे बघत होते.

हुकूम बाटल्यांपुरता होता, म्हणून नळी त्यांना परत मिळाली. लाख फोडून त्यांनी ती घरी बटाट्यावर पेरली. आठ दिवस, पंधरा दिवस. बटाटा पांढराच राहिला. तेरा वर्षं जगलेली सवत पत्र्याच्या गोदामात, लाखेखाली, उकाड्यात गेली होती. पद्मजाबाईंनी तो बटाटा टाकला आणि त्या दिवशी भाजीला बटाटे चिरले नाहीत.

जुलैत अहवाल आला. 'मद्यार्क नाही. सायट्रिक आम्ल, शेकडा आठ.' खाली सही, शिक्का. आणि अहवालाबरोबर, नियमाप्रमाणे, चौदावी बाटली. ती तपासणीला गेली होती म्हणून ओतली गेली नव्हती. अर्धी होती. जगदाळे ती स्वतः घेऊन आले.

"परवान्याचा दंड झालाय, तो भरा," ते म्हणाले. "पण हे दारू नाही, तेव्हा हे तुमचं." मग जरा थांबून, "शेकडा आठ म्हणजे चांगलं का?"

"सर असते तर," नाबर म्हणाले, आणि त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

जगात सवतीच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. अर्धी बाटली. पुन्हा करायला बुरशी नव्हती, तेव्हा चुकायला जागा नव्हती. नाबरांनी चार दिवस तिला हातच लावला नाही. पाचव्या दिवशी पद्मजाबाईंनी स्टोव्ह पेटवला. "मी धरते, तुम्ही ओता," त्या म्हणाल्या.

उकळत्या आंबट पाण्यात त्यांनी अण्णांच्या पानाच्या डब्यातला चुना कालवून सोडला. लिंबूसत्त्व चुन्याला धरून पांढरा साका खाली बसला. तो गाळला, धुतला. कारखान्यातून मागून आणलेलं तेजाब, म्हणजे गंधकाचं आम्ल, थेंबाथेंबाने घालून सत्त्व चुन्यातून सोडवलं, पुन्हा गाळलं. उरलेलं पाणी बशीत, बशी वाफेवर. पद्मजाबाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा केर काढायचं टाळलं. पावसाळी हवेत पाणी आटेना. एक दिवस, तीन दिवस, सहा. नाबर कामावरून आले की चपला न काढता बशीकडे जायचे. सातव्या संध्याकाळी पद्मजाबाई दारातच उभ्या होत्या.

"आत या," त्या म्हणाल्या. "हळू."

बशीच्या तळाला पांढरे खडे धरले होते. बारीक, टणक. पाऊण तोळा असतील.

नाबरांनी कण दोन कण कारखान्यात नेऊन तपासले, तेजाबाचा अंश नाही ना बघितलं, आणि रविवारी सकाळी ते खडे एका कागदावर ठेवून पद्मजाबाईंच्या पुढे केले. म्हणजे करणार होते. तेवढ्यात चाळ आली. बातमी कुणी दिली ते विचारू नका. अण्णा आले, सुलक्षणाकाकू आल्या, चंद्रप्रकाश चरवीसकट आला, आठही खोल्या आल्या. गडबडीत कागद पद्मजाबाईंच्या हातात गेला होता.

"बघू गं," काकू म्हणाल्या, आणि बोट ओलं करून त्यांनी एक खडा उचलला. तोंडात टाकला. डोळे मिटले. सगळी चाळ त्यांच्याकडे बघत राहिली. "आंबट आहे," त्यांनी निकाल दिला. "स्वच्छ आंबट. बुरशीचा मागमूस नाही."

मग कोण थांबतं. अण्णांनी एक घेतला, "लिंबू खंय आणि ह्या खंय," म्हणाले आणि आणखी एक घेतला. चंद्रप्रकाशने कपाळाला लावून तोंडात टाकला. प्रसाद घ्यावा तशी रांग लागली. नाबर सगळ्यांना सांगत होते, हे मूळ गोड होतं बरं का, मळीचं, एक लिंबू नाही. लोक माना हलवत होते, तोंडं वाकडी करत होते, आणखी मागत होते. तेरा वर्षांत नाबर इतकं बोलले नव्हते. चाळ पांगली तेव्हा त्यांनी कागद घेऊन बघितला. कागद कोरा होता.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. उलटा केला.

"संपलं वाटतं," ते म्हणाले. "सगळ्यांना आवडलं, नाही?"

"तुम्ही घेतलंत?"

"राहिलंच. असू दे."

पद्मजाबाईंनी दार लोटलं. त्यांची डाव्या हाताची मूठ मघापासून मिटलेली होती, घामेजली होती. त्यांनी ती उघडली. तळव्याला चिकटून एक खडा होता, घामाने कडेला विरघळायला लागलेला.

"माझ्या हातावर ठेवायचं ठरलं होतं ना," त्या म्हणाल्या. "घ्या लवकर. विरघळतंय."

"तू घे."

"मी त्याच्याबरोबर आठ वर्षं काढलीत. मला चव माहीत आहे. घ्या."

नाबरांनी खाली वाकून बायकोच्या तळव्यावरचा तो खडा ओठांनी उचलला. तो जिभेवर पुरता विरघळू दिला.

"कसं झालंय?"

"तसंच," नाबर म्हणाले. "पिंपातल्यासारखं. अगदी तसंच. काही फरक नाही."

"मग रडताय कशाला?"

"आंबट आहे गं," नाबर म्हणाले.